पाळी मौलवीसाहेबांची होती

आमच्या मंडळाचे नियम मोजून पाच होते. त्यातला एक असा: ज्याच्या घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी, त्यानेच अध्यक्ष व्हावे. हा नियम मौलवीसाहेबांनी सुचवला होता. त्याचा पहिला परिणाम असा झाला की स्वतः मौलवीसाहेब अध्यक्ष होऊ शकत नव्हते.

काळ निजामी राजवटीचा, चाळीसच्या दशकाचा मध्य. गाव धाराशिव, सरकारी कागदावर उस्मानाबाद. खेड्यातल्या शाळांत खालच्या वर्गांना मराठी चालत असे. तिथून मूल तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या शाळेत आले की गणित, भूगोल, इतिहास, सगळे उर्दूतून. कानडी सीमेकडच्या माकणीच्या पलीकडून येणाऱ्या लिंगायत मुलांची अडचण दुहेरी होती. ती घरी कानडी बोलत, गावच्या शाळेत मराठी शिकत आणि आमच्याकडे आली की दोन्ही भाषा दाराबाहेर ठेवून बसत. पहिल्या दोन महिन्यांत बरीच मुले परत जात. शाळेच्या पटावर त्यांच्यापुढे 'नाव कमी केले' एवढेच लिहिले जाई.

मंडळ आम्ही सात शिक्षकांनी काढले. शाळेच्या कामाचा तो भाग नव्हता, कोणी सांगितलेही नव्हते. दर दोन महिन्यांनी एका शुक्रवारी, म्हणजे त्या वेळच्या सुटीच्या दिवशी, धाराशिवला सभा होई. कळंबहून गुरुजी येत. तिथल्या शाळेतले ते सर्वात जुने शिक्षक, वयाने आणि शब्दाने वजनदार. माकणीकडून अप्पा येत. घरी कानडी बोलणारे, गळ्यात लिंग, पायात जाड वहाणा, आदल्या दिवशीच बैलगाडीने निघणारे. धाराशिवच्या मुलींच्या शाळेतल्या बाई येत. मी मुलांच्या शाळेत गणित शिकवत होतो आणि मंडळाचा चिटणीस होतो. मौलवीसाहेब माझ्याच शाळेत, वरच्या वर्गांना उर्दू आणि फारसी शिकवत. आणखी दोघे होते. ते फारसे बोलत नसत.

पहिल्या सभेत मौलवीसाहेबांनी मंडळ का हवे ते सांगितले. काही वर्षांपूर्वी त्यांच्या वर्गात सीमेकडचा एक मुलगा नवा आला होता. तो उभा राहून काहीतरी पुन्हा पुन्हा बोलत होता. वर्ग हसायला लागला. हा आपली नक्कल करतो आहे असे त्यांना वाटले आणि त्यांनी त्याला बाकावर उभे केले. थोड्या वेळाने बाकावरून पाणी खाली ओघळले. मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही नाही.

"दहा वर्साचं पोरगं," मौलवीसाहेब म्हणाले. "बाहेर जाऊ का, एवढंच इचारत होतं. पोराला जबान व्हती. मुका म्या व्हतो."

अध्यक्षाचा नियम त्यातूनच आला. त्यांचे म्हणणे असे की ज्याला वर्गात कधी मुके बसावे लागले नाही, त्याने या कामाचे म्होरकेपण करू नये. नियम मान्य झाला. पहिल्या वर्षी गुरुजी अध्यक्ष झाले, मग अप्पा, मग बाई, आणि पुन्हा गुरुजी. दर वर्षी पाळी फिरे आणि मौलवीसाहेबांना ओलांडून पुढे जाई. त्यांच्याशिवाय मात्र मंडळाचे पान हलत नसे. कुठलीही सभा घ्यायची तर वरची परवानगी लागे. अर्जावर सही मौलवीसाहेबांची असे, कारण त्या सहीवर शंका घेतली जात नसे. शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याने एकदा त्यांना बोलावून विचारले की हे मंडळ राजकारण तर करत नाही ना. त्यांनी उत्तर दिले, "साहेब, आमी पोरांच्या आयांना पाण्याला काय म्हंता ते इचारत फिरतो. ह्यात राजकारण असंल तर ते पाण्याचं असंल." परवानगी कायम राहिली.

काम खरोखर तेच होते. नवे मूल वर्गात आले की पहिल्या आठवड्यात शिक्षकाने त्याच्या घरी जायचे. मूल परगावचे असले तर ज्या नातेवाइकाकडे ते राहते तिथे जायचे. ओट्यावर बसून घरातल्या बाईला विचारायचे: बस, ऊठ, तहान, पोटात दुखते, समजले नाही, बाहेर जाऊ का, हे तुम्ही कसे म्हणता? असे वीस शब्द एका चिठ्ठीवर लिहून घ्यायचे आणि पाठ करायचे. पाठ शिक्षकाने करायचे, मुलाने नव्हे. पहिले चाळीस दिवस त्या मुलाशी त्या वीस शब्दांत बोलायचे. नंतर एकेक शब्द उर्दूकडे सरकवायचा. चिठ्ठ्या माझ्याकडे एका पत्र्याच्या पेटीत जमा होत. या पद्धतीने किती मुले टिकली याचा हिशोब आम्ही मांडला नाही. माझ्या स्वतःच्या वर्गापुरते सांगता येईल: आधी जी मुले दिवाळीपर्यंत जात, ती आता परीक्षेला बसत.

सभेची सुरुवात ठरलेली होती. प्रत्येकाने पहिली काही मिनिटे दुसऱ्याच्या भाषेत बोलायचे. मौलवीसाहेब अप्पांकडे वळून दर वेळी म्हणत, "ऊटा आयतु?" म्हणजे जेवण झाले का.

"आयतु," अप्पा म्हणत. "पर साहेब, चार वर्सं झाली, तुमी जेवणाच्या म्होरं गेला न्हाई."

"म्होरं कसा जाऊ? माकणीला आलो तर पयलं हेच कामाला येणार की."

बाई उर्दूत बोलू लागल्या की गुरुजी डोळे मिटून घेत. बाई एकदा म्हणाल्या, "गुरुजी, झोपू नका, तुमच्यापेक्षा बरी आहे माझी उर्दू." मौलवीसाहेबांनी निकाल दिला, "दोघांची बी सारखीच खराब हाय. भांडू नका."

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. त्याआधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत जिल्ह्यात काय घडले, दोन्ही बाजूंनी कोणी काय गमावले, ते इथे लिहीत नाही. इथे लागतो तेवढा भाग असा. मौलवीसाहेब कुटुंबाला घेऊन काही आठवडे नातेवाइकांकडे गेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या घराचे दार मोडलेले होते. ते त्यांनी बसवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आले. त्यांनी त्याविषयी काही सांगितले नाही. आम्ही विचारले नाही.

शाळेची सुटी शुक्रवारची रविवारी गेली. मग नवा हुकूम आला की यापुढे वर्ग मराठीतून चालतील. उर्दूचे वेगळे वर्ग पुढे निघतील असे तोंडी सांगितले गेले. ते कधी, हे कोणाला ठाऊक नव्हते. माझ्या वर्गात घरी दखनी उर्दू बोलणारी सहा मुले होती. मराठी त्यांना बाजारापुरती येई. अपूर्णांक मराठीतून सांगायला लागलो तेव्हा ती पाटीवर मान घालून बसली. या बसण्याची आम्हाला चांगली ओळख होती. मंडळ त्याच्यासाठीच काढलेले होते. आता ती भाषा बोलणारे घर आमच्यात एकच होते, मौलवीसाहेबांचे.

त्यांनी ते लगेच ओळखले. पन्नाशीच्या माणसाने नव्याने बाळबोध लिपी गिरवायला घेतली. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुटीत ते पहिलीचे पुस्तक उघडून बसत, उजवीकडून पान उलटत आणि मग चुकले म्हणून स्वतःशी हसत. एक दिवस मला म्हणाले, "मास्तर, वार्षिक सभा कधी हाय? औंदा पाळी माझी येती. शाळेची भाषा बदलली, नियम न्हाई बदलला. चिठ्ठ्या म्या लिवतो. आमच्या मोहल्ल्यातली सगळी घरं मला ठावं हाईत. तुमी फकस्त पाठ करा."

मी म्हणालो, "अजून ठरलं नाही."

सभा ठरलेली होती. पुढच्या रविवारी. सूचनेची वही फिरायला निघाली होती आणि चौघांच्या सह्या झाल्या होत्या. वही मी त्यांच्यापुढे ठेवली नाही, कारण आदल्या आठवड्यात कळंबचे गुरुजी माझ्या घरी येऊन गेले होते.

गुरुजी ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "औंदा अध्यक्ष कोण, ह्याचा इचार केलाय का?"

"नियमानं मौलवीसाहेब."

"नियमानं. पर बाहेर हवा कशी हाय ते बघताय न्हवं? मंडळाच्या कागदावर वर त्यांचं नाव जाणार. नव्या सायबाच्या टेबलावर जाणार. त्यांच्याकडं बोट दाखवायला कारण कशाला द्यायचं? एक वरीस जाऊ द्या. त्यांच्याच भल्याचं हाय."

"मग त्यांना तसं सांगू या."

"सांगून माणूस दुखवंल. त्यापेक्षा सभेला न बोलवल्यालं बरं."

मी मान हलवली. ती मान मी भीतीने हलवली असे म्हणणे सोयीचे आहे, पण बरोबर नाही. मला कोणी धमकावले नव्हते. मौलवीसाहेबांच्या नावावर हरकत घेणारा एकही माणूस तोवर आमच्याकडे आला नव्हता. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या भाषेत गणित शिकवल्यावर मला पहिल्यांदा माझ्या भाषेत शिकवायला मिळत होते आणि वर्ग भराभर पुढे जात होता. मला थांबायचे नव्हते. गुरुजींनी दिलेले कारण हाताशी होते, ते मी घेतले.

अडचण मंडळाच्याच एका नियमाची होती. सभासद थोडे, अंतरे लांब, म्हणून आम्ही ठरवले होते की एखादा सभासद आला नाही तर त्याचे कारण वहीत नोंदवायचे. कारणाशिवाय एकही जागा रिकामी असेल तर सभा भरवायची नाही. कोणाला वगळून काही ठरू नये हा त्यातला हेतू. त्यामुळे त्या रविवारी सकाळी वहीत काहीतरी लिहिणे भाग होते. मी लिहिले: 'प्रकृतीच्या कारणाने गैरहजर.' अक्षर नीट आले होते. मी खाली सही केली.

सभा मुलींच्या शाळेत, बाईंच्या वर्गात भरली. मी हजेरी वाचली. ते वाक्य आले तेव्हा अप्पा म्हणाले, "मौलवीसाहेब आजारी हाईत?"

मी वहीचे पान उलटले.

"काल सांजच्याला उतरलो तवा चौकात भेटले. मला ऊटा आयतु इचारलं. चांगले खडखडीत व्हते."

गुरुजी म्हणाले, "अप्पा, दिवस कसले हाईत तुमाला ठावं हाय. औंदा तुमीच व्हा अध्यक्ष. तुमच्या घरची बी भाषा येगळीच की. नियमात बसतंय."

"नियमात म्या बसतो. पाळीत न्हाई."

"पाळी म्हंजे काय, एवढी..."

"गुरुजी, चार वर्सं अर्जावर सही त्यांची व्हती. तवा हवा कशी व्हती?"

बाई खाली बघत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "मुलांचं काय? माझ्याकडं पहिलीत चार मुली आहेत. त्यांना काहीच कळत नाही. चिठ्ठ्या कोण लिहिणार?"

गुरुजी म्हणाले की उर्दूचे वर्ग निघणारच आहेत, तेव्हा तो प्रश्न आपोआप सुटेल. अप्पा अध्यक्ष व्हायला तयार झाले नाहीत. गुरुजींच्या घरी मराठी, ते आता नियमात बसत नव्हते. बाईंच्या आणि उरलेल्या दोघांच्या घरीही मराठीच. मी मराठी, शाळा मराठी. मी नियमात बसत नव्हतो आणि त्याचे मला बरेच वाटले. अध्यक्ष नाही म्हणून सभा तहकूब झाली. पुन्हा बोलावण्याचे काम चिटणीसाकडे. अप्पा माझ्याशी न बोलता निघाले. त्यांच्यासाठी बाईंनी डब्यात बांधलेली भाकरी वर्गातच राहिली.

सोमवारी मधल्या सुटीत मौलवीसाहेब माझ्या टेबलाशी आले. सभा झाल्याचे त्यांना अप्पांकडून कळले असावे. रागावलेले नव्हते. "सभेची वही बघू," म्हणाले. मी दिली. आधीच्या वर्षांची नोंद मी उर्दूत ठेवत असे. ही पहिलीच मराठीतली होती. ती त्यांनी बोट ठेवून वाचली, एकेक अक्षर जुळवत, पहिलीतला मुलगा वाचतो तशी.

"प्र-कृ-ती-च्या. का-र-णा-ने." थोडे थांबून पुढचा शब्द. मग त्यांनी बोट तिथेच ठेवले. "प्रकृती म्हंजे तब्येत न्हवं?"

"हो."

"तब्येत चांगली हाय माझी." ते माझ्याकडे बघत होते. "हे खोडता येतंय का?"

सही झालेली नोंद बदलता येत नाही, असे मी सांगितले. ते खरे होते. पुढे एक नवी सभा बोलावून नवी नोंद करता आली असती, हेही खरे होते, पण ते मी सांगितले नाही.

"बराबर," ते म्हणाले. "झाल्याली नोंद बदलू नये. म्याच सांगितलं व्हतं तुमाला, पयल्या साली." त्यांनी वही बंद करून माझ्या हातात दिली. "मग ती चिठ्ठ्यांची पेटी काही दिवस माझ्याकडं राहू द्या. कशा लिवल्यात ते बघून नव्या लिवतो. सभा असू नसू."

मी म्हणालो, पेटी मंडळाची आहे. अध्यक्षाच्या परवानगीशिवाय देता येत नाही.

अध्यक्ष कोणीच नव्हते. ते त्यांना ठाऊक असावे, कारण वही वाचताना ती ओळही त्यांनी वाचली होती. त्यांनी मान हलवली आणि तासाची घंटा झाली म्हणून वर्गावर गेले. त्यानंतर ते माझ्याशी शाळेच्या कामाचे बोलत. पहिलीचे पुस्तक त्यांनी शिक्षकांच्या खोलीत आणणे बंद केले.

माझ्या वर्गातली सहा मुले एकेक करून गेली. दोघे सायकलच्या दुकानात लागले. एक बापाबरोबर कापूस पिंजायला जाऊ लागला. दोघांची कुटुंबे हैदराबादला गेली. एक उरला तो वर्षभर शेवटच्या बाकावर बसला. मी त्याला रोज 'हजर' लिहिले आणि त्याने वर्षभरात मला एकही प्रश्न विचारला नाही. पटावर पाच नावांपुढे 'नाव कमी केले' हे मी लिहिले. त्यांच्यापैकी एकाच्याही घरी मी गेलो नव्हतो. घरे शाळेपासून चालत दहा मिनिटांवर होती.

मौलवीसाहेब आणखी जवळपास वर्षभर धाराशिवला होते. त्या वर्षात जितके रविवार आले, त्यातला कोणताही सभा बोलवायला चालला असता. मग त्यांच्या मुलाने त्यांना हैदराबादला नेले. निरोपाला शाळेने चहा केला. गुरुजी मुद्दाम कळंबहून आले आणि चांगले बोलले. अप्पा आले नाहीत. पुढे मीही शाळा सोडली आणि सोलापुरात एका दैनिकाच्या कचेरीत लागलो. नेमके लिहिण्याचे काम होते, ते मला जमले.

बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त धाराशिवला गेलो असता बाईंना भेटलो. त्या निवृत्तीला आल्या होत्या. बोलता बोलता मी त्या चार मुलींबद्दल विचारले.

"चौघी चौथी पास झाल्या," बाई म्हणाल्या. "एक पुढं शिक्षिका झाली. परभणीकडं आहे."

"चिठ्ठ्यांशिवाय?"

"चिठ्ठ्या होत्या. मी सभेच्या दुसऱ्याच आठवड्यात मौलवीसाहेबांच्या घरी गेले. मला त्यांनी काय विचारलं माहितेय? तुमी एकट्याच आला का. मी हो म्हणाले. मग त्यांच्या बायकोनं शब्द सांगितले, मौलवीसाहेबांनी बाळबोधीत लिहिले. ही एवढाली मोठी अक्षरं. ते हैदराबादला जाईपर्यंत मी दर रविवारी जात होते."

मी म्हणालो, "तुम्ही मला सांगायचं होतंत. माझ्याकडं मुलांचा वर्ग होता."

बाईंनी चहाची कपबशी माझ्याकडे सरकवली. "तेही म्हणायचे, मास्तरला सांगा. मीच नाही सांगितलं. तुम्ही गुरुजींना विचारलं असतं."

मी त्या चिठ्ठ्या बघायला मागितल्या. त्या बाईंनी परभणीच्या त्या शिक्षिकेला देऊन टाकल्या होत्या. बाईंनी परभणीचा पत्ता सांगितला आणि मी तो लिहून घेतला. मी तिथे गेलो नाही.